जुन्या जीपचा मागील आस

पावसाळा तोंडावर आला, की नवी मुंबईतील जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या मालकांमध्ये एक मसलत हमखास सुरू होते: मागच्या डिफरेन्शियलला लॉकर बसवायचा तर कोणता? तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील गॅरेजांत, खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी सुट्टीच्या सकाळी जमणाऱ्या मंडळींत आणि पनवेलच्या सुट्या भागांच्या दुकानांत हा विषय निघतो, आणि निघाला की प्रायः एकाच अंगाने चर्चिला जातो: कोणता लॉकर सर्वांत बळकट, कोणता सर्वांत स्वस्त, आणि कोणत्याने गाडी सर्वांत खोल चिखलातून बाहेर पडेल. या चर्चेची दिशाच मला सदोष वाटते. जी गाडी वर्षाचे बहुतेक दिवस पाम बीच मार्गावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि सायन-पनवेल महामार्गावर धावते आणि चिखलात क्वचितच उतरते, तिच्या मागील आसाविषयीचा निर्णय त्या क्वचित प्रसंगांवरून नव्हे, तर त्या बहुतेक दिवसांवरून व्हावयास हवा. आणि तो तसा झाला, तर चालकाच्या इच्छेने लागणारा व त्याच्याच इच्छेने सुटणारा लॉकर हाच अशा गाडीस योग्य, बाकीचे सारे गौण, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या गाड्यांविषयी मी लिहितो आहे, त्यांचा आणि या महानगर प्रदेशाचा संबंध जुना आहे. विलिस कंपनीच्या जीपचे सुटे भाग अमेरिकेहून मागवून त्यांची जुळणी करण्याचे काम महिंद्र आणि महिंद्र यांनी माझगाव येथे आरंभले व 1949 साली तेथून पहिली जीप बाहेर पडली. पुढे सीजे-3बी हा 80 इंची व्हीलबेसचा आखूड आणि हलका नमुना कित्येक दशके या देशात टिकून राहिला. त्याच्यामागून पेजोच्या 2112 सीसी डिझेल एंजिनाची एमएम 540 आली, मेजर आली, क्लासिक आली. 1985 च्या अखेरीस मारुतीने जिप्सी बाजारात आणली, आणि ती पोलिसांपासून वनखात्यापर्यंत सर्वत्र रुजू झाली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 सालची. खाडीपलीकडच्या भातखाचरांवर व मिठागरांवर हे नियोजित शहर उभे राहत असता सर्वेक्षकांना, कंत्राटदारांना आणि अभियंत्यांना ज्या प्रकारच्या गाड्या हव्या होत्या, त्या ह्याच. आज त्याच जमिनीवर सहापदरी डांबरी व सिमेंटचे रस्ते आहेत आणि त्या गाड्यांपैकी ज्या उरल्या, त्या हौसेने, जिव्हाळ्याने आणि बऱ्याच खर्चाने राखल्या जात आहेत. पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, त्यात राज्याचा पर्यावरण कर मिळवावा लागतो. तरीही वाशीच्या परिवहन कार्यालयात जुनी गाडी तपासणीस घेऊन रांगेत उभा राहणारा मालक आपली गाडी मोडीत काढण्यास राजी नसतो. अशा मालकाविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्याने मागच्या आसावर खर्च करण्यापूर्वी त्या आसाचा स्वभाव नीट समजून घ्यावा, असे मनापासून वाटते.

बैलगाडीला डिफरेन्शियल लागत नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकांनाच ओढावे लागते. आणि वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर कापत असल्यामुळे दोन्ही चाकांना एकाच दांड्याने जखडले, तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर फरफटत जावे लागेल. पेक्क्यूर नावाच्या फ्रेंच यंत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ही अडचण दातेरी चक्रांच्या ज्या रचनेने सोडवली, तीच रचना तत्त्वतः आजही आपल्या गाड्यांत आहे. एंजिनाकडून आलेले फिरवणारे बळ ती दोन्ही चाकांना सारखे वाटून देते आणि गतीत मात्र त्यांना परस्परांपासून मोकळीक ठेवते. या समान वाटपातच तिचे वैगुण्य दडलेले आहे. एक चाक निसरड्या चिखलावर आले, की त्याला फिरण्यास जेवढे अल्प बळ पुरते, तेवढेच बळ घट्ट जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही मिळते. परिणामी पहिले चाक गरगर फिरत राहते, दुसरे स्थिर राहते, आणि गाडी जागची हलत नाही. फोर बाय फोर गाडीतही हेच घडते, फक्त पुढच्या व मागच्या आसांवर दोनदा. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी अधांतरी झाले, म्हणजे चारही चाकांना बळ पोहोचवण्याचा लौकिक असलेली ती गाडी असहाय होते. ओढ्याच्या काठाशी तिरपी उतरलेली जिप्सी या स्थितीत पाहिली, की खालची दोन चाके निमूट, वरची दोन भिरभिरणारी आणि एंजिनाचा आवाज चढत चाललेला, हे दृश्य ध्यानात राहते. अलीकडच्या गाड्यांत संगणक अशा मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून बळ दुसरीकडे वळवतो. जुन्या गाडीला ती सोय नाही, म्हणून तिच्यासाठी यांत्रिक लॉकरचा, म्हणजे आसाची दोन्ही चाके एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेचा, विचार करणे यथार्थ आहे. ब्रेकच्या पॅडलवर डावा पाय हलकेच ठेवून अॅक्सिलरेटर चालू ठेवण्याची जी युक्ती जुने चालक सांगतात, तिचे मर्मही हेच. फिरत्या चाकाला थोडा विरोध मिळाला, की स्थिर चाकाला तितकेच अधिक बळ लाभते. एखादे वेळी तेवढ्याने निभावते, पण नेहमी नाही.

लॉकर मागेच का, हा प्रश्न थोडक्यात मिटतो. चढावर भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून पकड तेथेच अधिक असते. आणि पुढचा आस बांधला, तर स्टिअरिंग जड होऊन पुढच्या जॉइंटांवर असह्य ताण पडतो. दोन्हीकडे लॉकर हवेत असे म्हणणाऱ्यांनी आधी एकाशी नांदून पाहावे.

आता प्रकार. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे डिफरेन्शियलच्या आतील चक्रे वेल्डिंगने एकमेकांस जोडून टाकणे, आणि तो आपल्याकडे आजही काही ठिकाणी सर्रास अवलंबला जातो. तो मला सर्वथा त्याज्य वाटतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत कायमचा बांधलेला आस प्रत्येक वळणावर टायर घासतो आणि शाफ्टना पीळ देतो. आणि विलिसच्या घडणीच्या जुन्या मागील आसात शाफ्ट नुसते चाक फिरवीत नाही, चाकाचा भारही तोच वाहतो, त्यामुळे असा शाफ्ट भर रस्त्यात तुटला तर कधी कधी चाकच गाडीपासून सुटून जाण्याचा प्रसंग येतो. ज्या महामार्गावर कंटेनर आणि दुचाकी एकमेकांना खेटून चालतात, तेथे हा धोका केवळ मालकाचा राहत नाही.

याच्या पुढची पायरी स्वयंचलित लॉकरांची. त्यांत अमेरिकेतील डेट्रॉइट लॉकर हा संपूर्ण नवा कॅरिअर, म्हणजे आतील चक्रे धरणारा सांगाडा, असलेला आणि जगभर नावाजलेला; आणि त्याचे लहान भाऊ म्हणता येतील असे, गाडीच्या मूळ कॅरिअरमधील फक्त आतील चक्रे काढून त्यांच्या जागी बसणारे स्वस्त संच. या दुसऱ्या प्रकाराचा एक गुण नाकारता येत नाही: त्यात क्राउन आणि पिनियन या मुख्य दातेरी चक्रांची मूळ जुळणी हलवावी लागत नाही, म्हणून बसवण्याचा खर्च व जोखीम दोन्ही कमी. स्वयंचलित लॉकरांचे समर्थक आणखीही एक गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे, की त्यांत ना हवेची नळी, ना वायर, ना स्विच. बिघडावयास काही नाही, आणि चालकाला काही आठवावे लागत नाही. हे लॉकर स्वभावतः लागलेले असतात, आणि वळणावर बाहेरचे चाक पुढे पळू लागले म्हणजे त्यापुरते सुटतात. म्हणजे अॅक्सिलरेटर दाबलेला असताना वळणावर सारे बळ आतल्या चाकाकडे जाते. पाय उचलला, की भूमिका पालटतात, आणि त्या क्षणी गाडीच्या मागच्या बाजूला एक हिसका बसून ती थोडीशी बाजूला सरकते. कोरड्या रस्त्यावर, लांब व्हीलबेसच्या जड गाडीत, सवय झालेल्या चालकाला हे जाणवूनही त्रास देत नाही.

परंतु आपली गाडी लांब नाही, जड नाही, आणि आपला रस्ता चार महिने कोरडा नाही. पाम बीच मार्ग घ्या. वाशीहून बेलापूरकडे खाडीच्या कडेकडेने जाणारा हा रस्ता रुंद आहे, त्याची वळणे लांबलचक आणि फसवी आहेत, म्हणजे वेग उतरवावासा वाटत नाही अशी. आणि पहिल्या पावसात तेलकट धूळ वर येऊन तो जितका निसरडा होतो, तितका पुढे भर पावसातही राहत नाही. अशा वळणावर 80 इंची व्हीलबेसची, मागे रिकामी आणि म्हणून हलकी असलेली, मोठ्या खाचांचे टायर लावलेली जीप साठच्या वेगाने चालली आहे असे धरा. आतल्या चाकावर आधीच भार कमी, आणि स्वयंचलित लॉकरमुळे सारे बळ नेमके त्याच्यावर. ते घसरले की लॉकर दोन्ही चाके एक करतो, बाहेरचे चाकही पकड सोडते, आणि गाडीची शेपटी बाहेर निघते. साधे डिफरेन्शियल असते, तर आतले चाक जागच्या जागी फिरून राहिले असते व बाहेरच्या चाकाने गाडीला सावरून धरले असते. ज्या दोषासाठी आपण साध्या डिफरेन्शियलला चिखलात शिव्या देतो, तोच दोष ओल्या डांबरावर आपला रक्षक असतो, ही गोष्ट लॉकरच्या चर्चेत सहसा कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी घरातला एकच अनुभवी माणूस चालवील, असेही धरून चालता येत नाही. मुलगा चालवतो, भाऊ नेतो, मिस्त्री चाचणीसाठी बाहेर काढतो. आणि स्वयंचलित लॉकरचा हिसका ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती ती पावसात देणे मला पटत नाही. ज्या गाड्या केवळ स्पर्धांसाठी आहेत आणि ट्रकवर लादून मैदानावर नेल्या जातात, त्यांच्या मालकांशी मात्र माझा वाद नाही. त्यांनी डेट्रॉइट खुशाल बसवावा.

मधला एक वर्ग आहे, त्याचा उल्लेख न्यायाने केला पाहिजे. 2015 साली थार सीआरडीई गाडीच्या सुधारित आवृत्तीत महिंद्रने मागच्या आसाला यांत्रिक लॉक देऊ केले. या जातीचा, म्हणजे ईटन कंपनीच्या घडणीचा लॉकर एरवी साध्या डिफरेन्शियलसारखा वागतो. दोन्ही चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला, की आतील छोटा गव्हर्नर अडकून तो आपोआप लागतो, आणि गाडीचा वेग ताशी सुमारे तीस किलोमीटरच्या पुढे गेला, की पुन्हा लागत नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना निःसंशय शहाणपणाची आहे, आणि जुन्या आसाला अचूक जुळणारा संच मिळत असेल, तर मी तिला दुसरे स्थान देईन. पहिले देत नाही, कारण ती आधी चाक फिरू देते आणि मग झटक्याने बांधते. चिखलात तेवढ्या फेऱ्यांत चाक आणखी खोल जाते. आणि खडकावर, तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या शाफ्टला असा झटका सोसवेलच याची शाश्वती नाही.

राहिला तो निवडीचा लॉकर, ज्याची किल्ली चालकाच्या हाती. ऑस्ट्रेलियातील एआरबी कंपनीचा हवेच्या दाबावर चालणारा, अन्य काही कंपन्यांचे विजेवर चालणारे, आणि क्वचित आढळणारे तारेने ओढावयाचे. पुण्याच्या फोर्स मोटर्सने गुरखा गाडीला पुढे व मागे दोन्हीकडे चालकाने लावावयाचे लॉक कारखान्यातूनच दिले, त्यामागील विचारही हाच असला पाहिजे. स्विच बंद असताना आस अगदी मूळचा, साधा. स्विच दाबला की दोन्ही चाके एक. अवघड जागा समोर दिसताच, चाक फिरू लागण्यापूर्वीच, गाडी मंद असताना तो लावता येतो, म्हणून शाफ्टला झटका बसत नाही. कठीण भाग ओलांडला की तो काढता येतो. हवेच्या प्रकाराला कॉम्प्रेसर लागतो, परंतु तोच कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरण्याच्याही कामी येतो, आणि चिखल-वाळूत शिरण्यापूर्वी टायरची हवा उतरवून बाहेर पडल्यावर पुन्हा भरण्याची ज्याला सवय आहे, त्याला तो एरवीही घ्यावाच लागला असता. याचे दोष मी लपवीत नाही. तो महाग आहे. आयात शुल्कासह त्याची रक्कम पुष्कळदा जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या डोळ्यांत भरणाऱ्या हिश्शाइतकी होते. नळी घासते, सील झिरपते, वायर उंदीर कुरतडतात. नळी फाटली, तर लॉकर लागत नाही, गाडी मात्र पूर्ववत रस्त्यावर चालते. बिघडल्यावर निरुपद्रवी ठरणे हा यंत्राचा थोर गुण आहे, आणि जुन्या गाडीत तो मी बळकटपणाच्याही वर मानतो.

एवढे ठरल्यावर उरतो तो मूळ आस, आणि येथे बहुतेकांची घाई होते. लॉकर घेण्याआधी आस उघडून पाहावा. विलिसच्या परंपरेतील मागचा आस डाना 44 या घराण्याचा. त्यात काळानुसार शाफ्टच्या टोकावरील दाते कुठे दहा, कुठे एकोणीस, कुठे तीस असे आढळतात, आणि कॅरिअरही क्राउन-पिनियनच्या प्रमाणाप्रमाणे दोन जातींचे असतात, 3.73 पर्यंतचे निराळे व 3.92 पासून वरचे निराळे. सीजे-3बीचे मूळ प्रमाण 5.38, परंतु चार हातांतून फिरलेल्या गाडीत एंजिन बदलताना कोणी काय घातले असेल, हे नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेले नसते. दात मोजल्याविना परदेशातून लॉकर मागवणे म्हणजे पैसे पाण्यात. जिप्सीच्या मालकाला थोडी सवलत आहे, कारण ती सुझुकीच्या ज्या कुटुंबातील, त्यासाठी बाहेर अनेक जातींचे लॉकर बनतात. पण मोजमाप त्यालाही चुकत नाही. जुन्या विलिसपद्धतीच्या आसात शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असून त्यावर चाकाचा हब एका चावीने बसवलेला असतो. मुख्य नट पुरेसा आवळलेला नसेल, तर सारा पीळ त्या बोटाएवढ्या चावीवर येतो, आणि लॉकर लागल्यावर तो पीळ एका चाकाचा राहत नाही, प्रसंगी सगळाच्या सगळा एका शाफ्टवर उतरतो. म्हणून माझे सांगणे असे, की हाताशी रक्कम मर्यादित असेल तर प्रथम चांगले शाफ्ट, बेअरिंग, सील आणि टायर. लॉकर त्यानंतर, मग त्याला एक वर्ष अधिक लागले तरी चालेल.

बसवणारा फिटर कोण, हे लॉकर कोणता याहून अधिक महत्त्वाचे. या कामात घाईला जागा नाही. कॅरिअर बाहेर काढायचा, क्राउन नव्या लॉकरवर चढवून बोल्ट ठरल्या ताकदीने आवळायचे, बेअरिंगखाली शिम कमी-जास्त करीत क्राउन व पिनियनच्या दातांतील मोकळ इंचाच्या पाच ते नऊ हजारांशांच्या दरम्यान आणायची, डायल गेज लावून ती क्राउनच्या चारी बाजूंना सारखी आहे याची खातरजमा करायची. मग दातांना रंग लावून क्राउन फिरवायचा आणि उमटलेला ठसा दाताच्या मध्यावर आला आहे, की टोकाशी सरकला आहे, ते निरखायचे. टोकाशी असेल तर पुन्हा उघडायचे. चांगला फिटर हे तीनदा, चारदा करतो आणि कंटाळत नाही. ज्याला याचा कंटाळा आहे, त्याच्याकडून निघालेली गाडी काही महिन्यांतच चाळीसच्या वेगाला मागून रडू लागते. हवेच्या लॉकरसाठी हाउसिंगला भोक पाडून आटे पाडावे लागतात, तेव्हा लोखंडाचा कीस आत राहू न देणे हे त्याचे कर्तव्य, आणि आपण तेथे उभे राहून ते पाहणे हे आपले. याच वेळी हाउसिंगच्या श्वसनछिद्राला लांब नळी लावून ती उंच न्यावी. कोकणात ओढे ओलांडावे लागतात. तापलेला आस थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते, आणि पुढच्या वेळी प्लग काढावा तर दुधाळ झालेले तेल बाहेर येते. बेअरिंगांचा नाश चिखलाने होत नाही इतका या पाण्याने होतो.

एक लहानशी गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती फारशी लिहिली जात नाही. विलिसच्या घडणीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. साध्या डिफरेन्शियलच्या गाडीचे मागचे एक चाक जॅकवर उचलले, की हँडब्रेक ओढलेला असूनही ते उचललेले चाक उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे पुढे, म्हणजे गाडी जॅकवरून उतरू शकते. लॉक लावलेले असेल, तर हे घडत नाही. तरीही चाकाखाली दगड लावावाच. लॉकरने ही सवय मोडू नये.

आता ती गाडी कोठे न्यावी हेही बोलले पाहिजे, कारण लॉकर बसला की माणसाला निसरड्या जागा हाक मारू लागतात. आपल्या शहराच्या कडेने खारफुटी आहे, पाणथळ जागा आहेत, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात ती ठाण्याची खाडी आहे. खारफुटीच्या नाशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये दिलेला निर्णय सुस्पष्ट आहे, आणि खारफुटीभोवतालच्या पन्नास मीटरांच्या पट्ट्यालाही त्याचे संरक्षण आहे. तेथे गाडी घालणारा मनुष्य पराक्रमी नव्हे, अपराधी आहे. कातळसड्यांवर पावसाळ्यात जी रानफुले व गवते उगवतात, त्यांचा माती-थर काही बोटांचा असतो. मोठ्या खाचांच्या टायरने एकदा तो खरवडला की वर्षानुवर्षे भरून येत नाही. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूचीही तीच गोष्ट. भरतीत अडकलेल्या गाडीची छायाचित्रे प्रत्येक सुट्टीनंतर वर्तमानपत्रांत येतात, आणि ती ओढून काढण्यास शेवटी गावकऱ्यांचेच ट्रॅक्टर येतात. ज्याला शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी इगतपुरीजवळ महिंद्रने उभारलेले प्रशिक्षण क्षेत्र आहे. किंवा शेतमालकाची परवानगी घेऊन त्याच्या पडीक जमिनीवर सराव करता येतो. शेतमालकाची परवानगी म्हणजे त्याच्या गड्याची मूक संमती नव्हे, हेही येथेच नमूद करतो.

जुन्या फोर बाय फोरचे मालक संकटकाळी मदतीस धावण्याची भाषा करतात, आणि त्यातील प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा त्या वाडीपर्यंत मोटाररस्ताच नव्हता; बचावपथके पावसात, निसरड्या पायवाटेने डोंगर चढून गेली, आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. तेथे कोणताही लॉकर उपयोगी पडला नसता. अशा दिवशी पायथ्याच्या अरुंद रस्त्यावर हौशी गाड्यांची रांग लावणे हे रुग्णवाहिकांच्या आड येणे होय. प्रशासनाने मागितली तरच गाडी न्यावी, आणि न्यावी तेव्हा तिच्यात दोरखंड, पाणी आणि जागा असावी.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि तेथे माझी मागणी आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या बदलास, बाहेरून बसवलेल्या भागांसह, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आसाच्या पोटातील लॉकरने गाडीचे वजन, आसनसंख्या, एंजिन वा चेसिस क्रमांक यांपैकी काहीच बदलत नाही. म्हणून तपासणीस आलेल्या निरीक्षकाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी साध्या मालकाला आधार घेता येईल असा सुटसुटीत लेखी शिरस्ता असावा. परिवहन खात्याने रस्त्यावर साध्या डिफरेन्शियलप्रमाणे वागणाऱ्या, चालकाने लावावयाच्या लॉकरांना स्पष्ट मुभा द्यावी, आणि वेल्डिंगने जोडलेल्या डिफरेन्शियलना रस्त्यावर स्पष्ट मनाई करावी. विमा कंपनीस हा बदल लेखी कळवणे हे मालकाचे काम. तिने तो नोंदवून घेण्यास का-कू करू नये.

आणि ज्या कंपनीच्या गाड्या पाऊण शतक या रस्त्यांवर आहेत, तिच्याकडूनही अपेक्षा आहे. नव्या थारच्या खरेदीदाराला कारखान्यातून लॉक मिळते. जुन्या मेजरच्या मालकाला मात्र परदेशी सूचिपत्रे चाळावी लागतात, आणि दातांची संख्या जुळेल या भरवशावर पैसे पाठवावे लागतात. जुन्या आसांच्या दोन-तीन प्रचलित मापांसाठी प्रमाणित लॉकर-संच, त्यासोबत योग्य शाफ्ट, आणि तो बसवण्याचे शिक्षण घेतलेल्या फिटरांची जिल्हावार यादी, एवढी तजवीज महिंद्रच्या सुट्या भागांच्या विभागाला अवघड नाही. मारुतीनेही जिप्सीसाठी तेच करावे. तोवर मालकांनी आस उघडावा, दात मोजावेत, आणि मगच पैसे मोजावेत.